पट्टी बसवून साइट अ‍ॅक्सेसिबल होते का? एका पतसंस्थेच्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तालुक्याच्या गावातली नागरी सहकारी पतसंस्था आहे, साइट पाच-सहा वर्षांपूर्वी करून घेतलेली आहे. एका अंध सभासदांनी, जे निवृत्त शिक्षक आहेत, सर्वसाधारण सभेत उभं राहून सांगितलं की साइटवरचं काहीच त्यांना वाचता येत नाही. साइट करून देणारा म्हणतो, वर्षाला ठरावीक रक्कम भरा, कोपऱ्यात व्हीलचेअरचं चिन्ह असलेली एक पट्टी बसवतो, साइट दिव्यांगांसाठी तयार. एवढ्याने भागेल का, आणि भागणार नसेल तर सुरुवात कुठून करायची?

भागणार नाही. ते पैसे राखून ठेवा, पुढे योग्य जागी लागतील.

मी सोळा-सतरा वर्षं साइट्स बनवतोय. त्यातली शेवटची दहा वर्षं मुख्यतः दुसऱ्यांच्या साइट्स अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या दृष्टीने, म्हणजे दिव्यांगांना त्या वापरता येतात का हे, तपासण्यात गेली. अशा पट्टीत अक्षरं मोठी करणं, पार्श्वभूमी काळी करणं, मजकूर वाचून दाखवणं अशी बटनं असतात. पण तुमच्या सरांच्या फोनमध्ये हे सगळं आधीच आहे. अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक असतं, आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर. विंडोजच्या संगणकासाठी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम, फुकट मिळतो. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने तो २००६ साली लिहायला घेतला, कारण विकतचे स्क्रीन रीडर सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होते. म्हणजे वाचणारं यंत्र सरांच्या हातात आहेच, तुमच्या पानावर त्याला वाचण्याजोगं काही नाही. जे पानात नाही ते पट्टी आणणार कुठून? अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये अशीच पट्टी विकणाऱ्या एका कंपनीला १० लाख डॉलर भरायला लावले. आमचं साधन बसवलं की कुठलीही साइट निकषांत बसते, असा तिचा दावा होता आणि तो तिला सिद्ध करता आला नाही.

आता तुमच्या साइटकडे येतो. तुम्ही पाठवलेल्या पानांवर सगळ्यात वर ठेवींच्या व्याजदरांचं चित्र आहे. फ्लेक्स करणाऱ्याने कोरलमध्ये केलेली जेपीजी, पिवळ्यावर लाल अक्षरं, खाली अध्यक्षांचा फोटो. मी पाहिलेल्या बहुतेक पतसंस्थांच्या साइट्सवर हेच असतं, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलेलं चित्र साइटवर चढवणं सोपं पडतं. स्क्रीन रीडरला तिथे काय मिळतं? ‘ग्राफिक’ एवढा एक शब्द. चित्रावर लिंक असेल आणि पर्यायी मजकूर दिलेला नसेल, तर बऱ्याचदा फाइलचं नाव वाचलं जातं. ‘आयएमजी अंडरस्कोअर’ आणि पुढे बारा-पंधरा आकडे. १३ महिन्यांच्या ठेवीला दर किती, हे विचारायला सरांना शाखेत फोन करावा लागतो.

इथे पुष्कळ जण पहिला उपाय म्हणून चित्राच्या ‘ऑल्ट’मध्ये, म्हणजे पर्यायी मजकुराच्या जागेत, सगळे दर एका दमात कोंबतात. तसं करू नका. तिथे खरं टेबल करा, म्हणजे वेबपानं ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलमधला तक्ता. पहिल्या ओळीतल्या आणि पहिल्या स्तंभातल्या चौकटी शीर्षक-चौकटी म्हणून नोंदवा. याने काय होतं ते एकदा कानाने ऐकायला हवं. एनव्हीडीएमध्ये कंट्रोल आणि ऑल्ट धरून बाणाने एका चौकटीतून शेजारच्या चौकटीत गेलं की नुसतं ‘८.५’ ऐकू येत नाही, ‘ज्येष्ठ नागरिक, ८.५ टक्के’ असं ऐकू येतं. खाली सरकलं की ‘२४ महिने’ आणि मग आकडा. डोळस माणूस तक्त्यात वर आणि डावीकडे नजर टाकून जे जुळवतो, ते ऐकणाऱ्याला आपोआप जुळवून मिळतं. शीर्षकं नोंदवलेली नसतील तर आकड्यांची माळ कानावर पडते आणि कुठला आकडा कशाचा हे माणसाने लक्षात ठेवायचं. शिवाय दर बदलले की चित्र नव्याने करून घ्यावं लागत नाही, तुमच्या कारकुनालाही तक्त्यातला आकडा बदलता येतो.

अध्यक्षांच्या फोटोला ऑल्टमध्ये नाव आणि पद पुरे. कोपऱ्यातल्या नक्षीला ऑल्ट रिकामं ठेवा. रिकामं ठेवणं म्हणजे मुळीच न लिहिणं नव्हे. रिकामं ऑल्ट ‘हे सोडून पुढे जा’ असं सांगतं.

यापुढचा भाग जास्त सांगणार आहे, कारण इंग्रजीतल्या तपासणीच्या याद्यांमध्ये तो जवळपास सापडत नाही आणि आपल्याकडची साइट सगळ्यात जास्त तिथेच अडते. हा भाग म्हणजे खुद्द मराठी मजकूर.

तुमची २०१२ ते २०१६ ची परिपत्रकं उघडून पाहिली. डोळ्यांना ती स्वच्छ मराठी दिसतात, पण टाइप झाली आहेत कृतिदेवमध्ये. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये आतली अक्षरं रोमनच असतात, त्यांच्यावर फक्त देवनागरीचं चित्र चढवलेलं असतं. स्क्रीन रीडर चित्र बघत नाही, आतलं अक्षर वाचतो. ‘महाराष्ट्र’ या शब्दाच्या सुरुवातीच्या ‘महारा’ला तो ‘ई, जी, के, जे, के’ म्हणतो. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा शेजारी एक अंध सहकारी बसला होता. तो म्हणाला, ‘आमच्या गावच्या सगळ्या नोटिसा मला अशाच ऐकू येतात.’ तोवर मी त्याच फाँटमध्ये केलेल्या किमान तीन साइट्स लोकांच्या हवाली केल्या होत्या. त्या पुढे मी विनामोबदला बदलून दिल्या. तुम्हीही जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या, त्यात आतलं अक्षरही खरं देवनागरीच असतं. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात. मात्र बदलल्यावर एका माणसाने वाचून काढायलाच हवं, कारण रफार आणि पहिली वेलांटी हमखास जागा सोडतात.

युनिकोड झालं म्हणून काम संपत नाही. पानाच्या अगदी पहिल्या टॅगमध्ये भाषा सांगायची सोय असते, ‘लँग’ हा गुणधर्म. तुमच्या साइटवर तिथे ‘ईएन’ आहे, म्हणजे इंग्रजी. विकत घेतलेला साचा इंग्रजी होता, कुणी बदललं नाही. स्क्रीन रीडर त्या खुणेवर विसंबून आवाज निवडतो. इंग्रजी आवाजांपैकी काही देवनागरी दिसली की सरळ गाळून पुढे जातात. शांतता होते आणि ऐकणाऱ्याला वाटतं पान कोरं आहे. काही यंत्रणा ती हिंदीच्या वळणाने वाचतात आणि ‘चूक’मधला च ‘चहा’तल्या चसारखा होतो. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीक या आवाजाच्या यंत्रणेत मराठी आहे, अँड्रॉइडवर गूगलचा मराठी आवाज आहे. त्यांना बोलवायचं तर तिथे ‘एमआर’ लिहिलेलं हवं. दोन अक्षरांचा बदल आहे, पाच मिनिटांचं काम, आणि पैशाच्या मानाने इतका फायदा देणारी दुसरी दुरुस्ती मला माहीत नाही. पानाच्या मध्ये इंग्रजी परिच्छेद असेल तर तेवढ्याच भागाला ‘ईएन’ची खूण द्या. डोळस वाचकालाही यातून काही मिळतं. नोटो सान्स देवनागरीसारख्या फाँटमध्ये ‘एमआर’ म्हटलं की ल आणि श मराठी वळणाचे येतात.

पीडीएफचं वेगळं सांगतो. तुमच्या वार्षिक अहवालाची पीडीएफ उघडा, एक परिच्छेद निवडा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे जे उमटेल जवळजवळ तेच स्क्रीन रीडरच्या हाती पडतं. काहीच निवडता आलं नाही तर ते स्कॅन आहे, म्हणजे पुन्हा चित्रच. ‘सभासदांना’च्या जागी तुटकी अक्षरं आणि सुट्या वेलांट्या आल्या तर फाइल बनवताना मराठी फुटलेली आहे. वर्डमध्ये मथळ्यांना हेडिंग स्टाइल लावून, ‘प्रिंट’मधून न जाता ‘सेव्ह अ‍ॅज’मधून पीडीएफ केली तर रचनेच्या खुणा फाइलमध्ये शिल्लक राहतात. प्रिंटमधून केली तर त्या गळून पडतात. जुन्या स्कॅनसाठी टेसरॅक्ट हे फुकटचं ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारं साधन, मराठी ओळखतं, आकडे मात्र हाताने तपासावे लागतात. खरं सांगायचं तर सभेची सूचना पीडीएफ असायची गरजच नसते. विषयपत्रिका साध्या पानावर लिहा, सही-शिक्क्याची प्रत हवी तर खाली जोडा.

एक बारीक गोष्ट, पण माझा फार वेळ खाल्लेली. ‘व्यापाऱ्यांसाठी’ या शब्दातला ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात नुक्त्याचा ऱ असतो, दुसऱ्यात साधा र आणि मागे न दिसणारं जोडचिन्ह. दिसायला दोन्ही सारखे. अंध माणूस लांब पानावर नजर फिरवू शकत नाही, तो शब्द शोधून उडी मारतो. तुमच्या साइटवर दोन्ही तऱ्हा मिसळलेल्या आहेत, त्यामुळे ‘व्यापाऱ्यांसाठी कर्ज’ शोधलं तर निम्मी पानं सापडत नाहीत. सगळीकडे नुक्त्याचा ऱ एकसारखा करून घ्या.

मथळे आणि लिंकांचं थोडक्यात. एनव्हीडीएमध्ये एच दाबलं की पुढचा मथळा, के दाबलं की पुढची लिंक. तुमच्या पानावर एच दाबलं तर काही नाही, कारण मथळे फक्त ठळक आणि मोठे केलेत, मथळा म्हणून नोंदवलेले नाहीत. आणि इन्सर्ट-एफ७ दाबून लिंकांची यादी काढली तर ‘येथे क्लिक करा’ एकवीस वेळा येतं. ‘ठेव अर्ज डाउनलोड करा’, ‘थकबाकीदारांसाठी सूचना’ असं लिहिलं तर यादी वाचूनच काम होतं.

ऑनलाइन सभासदत्वाचा अर्ज मी संपूर्ण भरून पाहिला, आधी माउस बाजूला ठेवून आणि नंतर डोळे मिटून. नावाच्या चौकटीत फिकट अक्षरात ‘पूर्ण नाव’ आहे, पण चौकटीला जोडलेलं लेबल नाही. टाइप करायला लागलं की ती सूचना पुसली जाते. लक्ष चटकन उडणाऱ्या माणसाला किंवा मेंदूच्या आघातातून सावरणाऱ्याला आपण काय भरत होतो ते परत कळत नाही. जन्मतारखेला कॅलेंडर आहे आणि ते एकेक महिना मागे सरकतं. तुमचे सर १९५८ च्या आसपासचे असतील. आजपासून तिथवर जायला आठशेहून जास्त वेळा ‘मागील महिना’ दाबावं लागेल. तेही जमलं असतं तर गोष्ट वेगळी, पण त्या बाणापर्यंत कीबोर्डने पोचताच येत नाही, कारण तो बटन म्हणून केलेला नाही, नुसत्या डिव्हवर, म्हणजे पानातल्या साध्या चौकोनावर, क्लिक लावलं आहे. तीन साध्या चौकटी द्या: दिवस, महिना, वर्ष. आणि अर्ज चुकला की ‘लाल चौकटीतील माहिती भरा’ असं जे येतं, त्याऐवजी ‘पिन कोड सहा आकडी हवा’ असं चौकटीलगत लिहा. रंगांधळ्यालाही ते कळेल आणि ऐकणाऱ्यालाही.

कॅप्चा काढून टाका. वाकड्यातिकड्या अक्षरांचं चित्र, आवाजाचा पर्याय नाही, आणि हा अर्ज महिन्याला फार तर चाळीस जण भरत असतील. तुम्ही ओटीपी घेताच आहात, तेवढं पुरे. ओटीपीची मुदत ३० सेकंदांवरून निदान तीन मिनिटं करा. मेसेज ऐकायचा, आकडे लक्षात ठेवायचे, परत पानावर येऊन चौकट शोधायची, एवढं ३० सेकंदांत होत नाही.

माउस बाजूला ठेवून टॅब दाबत गेलो तेव्हा आपण कुठे आहोत हेच दिसेना. डिझाइन करणाऱ्याने चौकटीभोवतीची कड नकोशी वाटून काढून टाकली आहे. कंपवात असलेल्या किंवा एका हाताने काम करणाऱ्या माणसाला पुष्कळदा माउस धरता येत नाही. त्याच्यासाठी ती कड म्हणजे बोट ठेवून वाचणं आहे. ती परत आणा, जाड आणि गडद. वर धावणारी ‘ताज्या सूचना’ची पट्टीही थांबवा. पाच सेकंदांपेक्षा जास्त हलणारं काहीही थांबवता यायला हवं असा निकष आहे, पण सूचना स्थिर ठेवल्या तर कुणाचंच काही अडत नाही.

रंगांबद्दल. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांगांची नोंद झाली, त्यात महाराष्ट्रातले सुमारे २९ लाख ६३ हजार. मोतीबिंदू पिकत आलेले, चाळिशीचा चष्मा घरी विसरलेले तुमचे ठेवीदार यात कुठेही मोजलेले नाहीत, आणि पतसंस्थेचा खरा ठेवीदार तोच असतो. साध्या आकाराच्या अक्षरांसाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर निदान ४.५ ला १ हवं. तुमच्या भगव्या पट्टीवरच्या पांढऱ्या अक्षरांचं ते २ च्या जरा वर आहे. भगवा रंग सोडायची गरज नाही, अक्षरं काळी करा. आणि दोन गोष्टी देवनागरीसाठी खास. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. बटनांची उंची पिक्सेलमध्ये बांधू नका, मजकूर मोठा केला की खालचे उकार कापले जातात. तुमचं ‘पुढे’ बटन १५० टक्क्यांवर ‘पढे’ दिसतं.

कर्णबधिर सभासदाचा विचार या चर्चेत सहसा शेवटी येतो, म्हणून मुद्दाम लिहितो. तुमच्या साइटवर प्रत्येक पानाच्या शेवटी ‘अधिक माहितीसाठी फोन करा’ आहे आणि दुसरा मार्ग नाही. तिथे ईमेल आणि मेसेजसाठीचा नंबर द्या. अध्यक्षांच्या व्हिडिओला मराठी सबटायटल्स लावा. यूट्यूबने आपोआप केलेली तशीच ठेवू नका, आडनावं आणि रकमा तपासा. जन्मतः कर्णबधिर असलेल्या पुष्कळांची पहिली भाषा सांकेतिक भाषा असते आणि लिखित मराठी त्यांनी नंतर शिकलेली असते. ‘सदर ठेवीवर मुदतपूर्व आहरण अनुज्ञेय नाही’ याऐवजी ‘मुदत संपण्याआधी ही ठेव काढता येत नाही’ लिहा. माझ्या आईलाही पहिलं वाक्य दोनदा वाचावं लागलं असतं.

कायद्याबद्दल विचारलंत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा आहे, एप्रिल २०१७ पासून लागू आहे आणि त्यातल्या ४६ व्या कलमात खाजगी सेवा देणारेही येतात. संकेतस्थळांचं नियमांमधलं कलम नुसतं शिफारशीसारखं आहे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ते कायद्याशी विसंगत ठरवलं आणि बंधनकारक नियम करा असं केंद्राला सांगितलं. पतसंस्थेला जास्त लागू पडेल असा निकाल ३० एप्रिल २०२५ चा आहे, प्रज्ञा प्रसून विरुद्ध भारत सरकार. अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या महिलांना केवायसी करताना कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटा-उघडा म्हटलं जात होतं, आणि त्यांना ते शक्य नव्हतं. न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि वीस निर्देश दिले. तुमच्या अर्जात सेल्फीची पायरी आहे. ती ज्याला जमत नाही त्याच्यासाठी दुसरा मार्ग त्याच पानावर लिहिलेला हवा, शाखेत येऊन विचारावा लागता कामा नये.

साइट करणाऱ्याशी बोलताना ‘डब्ल्यूसीएजी २.१, एए पातळी’ हे शब्द करारात घाला. हे वेबसाइट दिव्यांगांना वापरता येण्याचे आंतरराष्ट्रीय निकष आहेत. सरकारी संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वंही तीच पातळी मागतात. तो तुम्हाला लाइटहाउस या आपोआप तपासणाऱ्या साधनाचा शंभरपैकी शंभर गुणांचा अहवाल दाखवेल. अ‍ॅक्स, वेव्ह, लाइटहाउस ही साधनं मीही रोज वापरतो, पण चित्रांच्या बाबतीत ऑल्ट लिहिलंय की नाही एवढंच ती मुख्यतः सांगतात. ऑल्टमध्ये ‘इमेज १’ लिहिलं तरी गुण मिळतात.

म्हणून शेवटचा हप्ता अहवालावर देऊ नका. सरांना बोलवा. त्यांच्याच फोनवर, त्यांच्याच सवयीच्या आवाजात, तीन कामं करायला सांगा: १३ महिन्यांच्या ठेवीचा दर सांगणं, सभेची तारीख आणि विषय शोधणं, एका ठेवीचा अर्ज भरून पाठवणं. तुम्ही शेजारी बसा आणि बोट पुढे करू नका. कुठे थांबले, कुठे मागे गेले, काय पुटपुटले ते लिहून घ्या. दोन तासांच्या या कामाचं मानधन त्यांना द्या, कारण हे तपासणीचं काम आहे आणि ते करायला गावात त्यांच्याइतकं तयार दुसरं कोणी नाही. तिन्ही कामं त्यांनी एकट्याने केली की हप्ता सोडा. पट्टीसाठी राखून ठेवलेली रक्कम या मानधनाला पुरून उरेल. उरलेल्यात जुनी परिपत्रकं बदलून घ्या, नव्यापासून जुन्याकडे, वर्षाला जेवढी जमतील तेवढी.